हातभार लावण्याआधी

ही फाइल मी नवतपात लिहायला घेतली,
कूलरची मोटर जळाली त्या रात्री.
वाळ्याच्या ताट्यांवर बादलीनं पाणी मारत,
मांडीवर ओला टॉवेल, टॉवेलवर पाट, पाटावर लॅपटॉप,
आणि पहिली ओळ: नमस्कार.
मग खोडली.
मग परत लिहिली.

प्रकल्प लहानच आहे आमचा.
मराठी नावं शोधायची, नीट क्रमानं लावायची,
ळ कुठे, क्ष कुठे, अनुस्वार आधी की नंतर,
एवढंच. कोड सगळ्यांसाठी उघडा.
पगार नाही, मानपान नाही.
सात जण सांभाळतो,
त्यातले चार आता उत्तर देत नाहीत.

तर, हात लावण्याआधी वाच.
जी ओळ मूर्खासारखी वाटते
ती बहुधा कुणीतरी रात्री दोनला
रडकुंडीला येऊन लिहिलेली असते.
(एक माझी आहे. कोणती, सांगणार नाही.)

एका वेळी एकच गोष्ट बदल.
पाहुणा येतो, माठ हलवतो, पलंग फिरवतो,
वरून म्हणतो, तुमचा पंखा दुरुस्त केला,
तसं नको.

चाचणी जोड. कळमन्याला पेटी घेताना
तळचं फळ काढून पाहतात ना, तसं.

आणि चौथं:
काय केलं ते कोड सांगतो.
काहून केलं, ते तू सांग.

ही शेवटची ओळ मी ठळक केली.

जूनमध्ये एक बदल आला, दोन ओळींचा.
पाठवणारा चेतक सोनकुसरे, तांडापेठ.
कारणाच्या जागी एकच शब्द: दुरुस्ती.
मी परत पाठवला. नियम चार पाहा.
पुन्हा आला: दुरुस्ती केली.
मी पुन्हा परत. नियम चार.
थोडी मजाही येत होती, खोटं कशाला बोलू.

मग अकरा दिवस काही नाही.

बाराव्या दिवशी पहाटे:
“मॅडम, मी मेडिकलला ओपीडीच्या खिडकीवर नावं टाकतो.
वऱ्हाडपांडे म्हणून एक काका तीनदा लाइनीत लागले.
यादीत नाव दिसे, शोधलं त सापडे नाही.
तिसऱ्या वेळी ते मला त्यांचं नाव
एकेक अक्षर सोडवून सांगत होते, हळूहळू,
जसं का चूक त्यांचीच आहे.
म्हणून.”

तो विळ्यासारखा अर्धा र
दोन तऱ्हांनी टाइप होतो
(तऱ्हांमधलाही तोच).
डोळ्याला एक, यंत्राला दोन.
त्यातल्या एका तऱ्हेत शेवटी एक चिन्ह बसतं
ज्याला रुंदी नाही, आवाज नाही,
छापलं तर शाई लागत नाही.
ते काढलं की र उडी मारून
ह च्या डोक्यावर जाऊन बसतो
आणि माणूस यादीतून जातो.

आम्ही ते कचरा समजून गाळत होतो.
कुणी लिहिली ही ओळ, म्हणून इतिहास उघडला.
सहा वर्षांपूर्वी. रात्री दोन वाजून नऊ मिनिटं.
माझं नाव.
कारणाच्या जागी: साफसफाई.

बदल घेतला. त्याचं “म्हणून” तसंच ठेवलं,
शुद्धलेखन न तपासता.
फाइलीत पाचवा नियम घातला,
की परत पाठवताना कारण आम्हीही लिहू,
आणि नियमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे.

कूलरवाला शेवटी जुलैत उगवला,
गरज संपल्यावर, रीतीप्रमाणे.
मोटर बसवली, पैसे मोजले, चप्पल घातली.
मी विचारलं, पण जळली काहून होती?
तो थांबला.
हे कोणी विचारत नाही, म्हणाला,
आणि पायरीवर टेकून
जुनी मोटर पिशवीतून बाहेर काढली.